घोंगड्यांचा उघडा जोड

खिळा ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली असती तर उत्तरेश्वर घोंगड्यांनी देवाचे आभार मानले असते. अंगठ्याला हळद लावली असती, वेणूबाईंना फोनवर अंगठा दाखवला असता आणि चार दिवस सहानुभूती मिळवली असती. पण खिळा अगदी सरळ गेला. पॅसेजमधली पांढरी केसिंग पट्टी फोडून तो थेट घराच्या मेन वायरीत घुसला. फट्ट असा आवाज झाला, पंखा दमून थांबला, फ्रिज एकदा कण्हला आणि बिबवेवाडीतल्या मनोरथ सोसायटीचा सात नंबरचा फ्लॅट भर सकाळी साडेदहाला गप्प झाला.

घोंगड्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर दार बंद आहे ना, ते पाहिलं. कारण वायरीत खिळा घालण्याचा हक्क सामान्य माणसाला आहे, घोंगड्यांना नाही. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी विजेच्या केबली जोडण्याचं काम केलं होतं. सोसायटीत कोणी भिंतीला भोक पाडणार असेल तर ते जिन्यात उभे राहून विचारत, "वायरिंग कुठून गेलंय ते पाहिलंत का?" आणि उत्तर ऐकून न घेता खेदाने मान हलवत.

खिळा होता नातीच्या फोटोसाठी. वेणूबाई मुलीच्या, म्हणजे नम्रताच्या, बाळंतपणाला बंगळूरला गेल्या त्या तीन महिन्यांसाठी. नात आता चालायला लागली होती, कन्नडमध्ये हट्ट करायला लागली होती, आणि वेणूबाईंचे तीन महिने काही संपले नव्हते. चौदावा चालू होता. त्यांनी फोटो कुरियरने पाठवला आणि वर बजावलं, "पॅसेजमध्ये लावा, म्हणजे येता-जाता दिसेल." येणारं-जाणारं घरात एकच माणूस होतं, हे घोंगड्यांनी त्यांना सांगितलं नाही.

असो. खाली जाऊन त्यांनी मीटरशेजारचा मेन स्विच पाडला, पट्टी उघडली आणि कामाला लागले. इथून पुढचा दीड तास घोंगड्यांच्या चौदा महिन्यांतला सगळ्यात सुखाचा होता. जळकं टोक छाटलं. दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या तारा मोकळ्या केल्या, घासून लख्ख केल्या, एकमेकींत गुंफल्या, एका बाजूच्या उजवीकडे आणि दुसऱ्या बाजूच्या डावीकडे वळवल्या. गॅसवर सोल्डरिंगची जुनी सळई तापवून कथलाचा डाग दिला. डाग पाण्यासारखा तारांच्या फटीत उतरला. एकतीस वर्षांत घोंगड्यांचा एकही जोड नापास झाला नव्हता आणि हाही होण्यातला नव्हता. आता टेप गुंडाळायची, स्विच वर करायचा आणि आंघोळीला जायचं.

घोंगड्यांनी टेप हातात घेतली आणि तिथेच अडलं.

वाचकहो, इथे कारखान्याचा एक नियम सांगणं भाग आहे. जिथे कोठारात दारू भरलेली असते तिथे एका ठिणगीने काय होतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून तिथे जोड करणाऱ्याने स्वतःचा जोड स्वतः झाकायचा नसतो. आधी उघडा जोड दुसऱ्या माणसाला दाखवायचा. त्याने 'झाक' म्हटलं की टेप चढवायची, आणि टेप चढल्यावर पुन्हा त्यालाच दाखवायचं. एकदा टेप चढली की आत सोनं आहे की शेण, ते देवालाही दिसत नाही. एकतीस वर्षांत घोंगड्यांनी न दाखवता एकही जोड झाकला नव्हता. आता आपल्या बिबवेवाडीच्या फ्लॅटात बटाटे-कांद्याखेरीज कसलंही कोठार नव्हतं हे खरं. पण माणसाची मुंज एकदाच होते, तसे हे नियमही अंगात एकदाच भिनतात. घोंगड्यांचा हात टेपसकट वर गेला आणि न गुंडाळताच खाली आला.

दाखवायचं कोणाला?

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते उत्तर खडकीत राहत होतं. कादर मुल्ला. बावीस वर्षं घोंगड्यांचे जोड कादरने पाहिले आणि कादरचे घोंगड्यांनी. दोघांत कधी भांडण झालं नाही, आणि तीच पंचाईत होती, कारण भांडण असतं तर ते मिटवता आलं असतं. घोंगडे आधी निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, जो अजून नोकरीत आहे त्याने गेलेल्याची चौकशी करावी. कादरचं म्हणणं असावं की रिकामा वेळ ज्याला आहे त्याने फोन करावा. पुढे कादरही निवृत्त झाला, तोवर पहिला फोन कोणी करायचा हा अब्रूचा प्रश्न होऊन बसला होता. चार वर्षं दोन शहाणी माणसं आपापल्या फोनकडे बघत बसली होती. तेव्हा कादर सोडून, असं ठरवून घोंगडे बाहेर पडले.

समोरच्या फ्लॅटमधला चेतन घरूनच कंपनीचं काम करत असे. तो कानातलं यंत्र न काढता दारात आला.

"काका, फोटो पाठवा ना. मी एआयला विचारतो."

"फोटोत जोड कळत नाही रे. हात लावून बघावा लागतो."

"एक मिनिट हां, कॉलवर आहे." मग पंधरा मिनिटांनी त्याने फोटो पाहिला, यंत्राला विचारलं आणि उत्तर वाचून दाखवलं. जोड उत्तम दिसतो आहे, परंतु जाणकार इलेक्ट्रिशियनला प्रत्यक्ष दाखवावा.

"मी जाणकारच आहे," घोंगडे म्हणाले.

"मग दाखवा की स्वतःला," असं म्हणून चेतनने दार लावलं. लावता लावता मात्र म्हणाला, "फोन चार्ज करायचा असेल तर आणून द्या हां, काका."

सेक्रेटरी बद्रीनाथ मालपाणी मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी. गुळाच्या सहवासाचा त्यांच्या जिभेवर काही परिणाम झाला नव्हता. त्यांनी जोडाबद्दल एक अक्षर न ऐकता विचारलं, "भिंत फोडलीत का?"

"भिंत नाही, पट्टी."

"पॅसेजची भिंत तुमची की सामाईक?"

"माझ्या घरातला पॅसेज आहे."

"तसं सगळेच म्हणतात. अर्ज द्या. कमिटीची मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते."

"अहो, मला परवानगी नकोय. फक्त कोणीतरी येऊन बघायला हवंय."

"बघायला कमिटी सगळी येईल," मालपाणी म्हणाले, "पण अर्जाशिवाय नाही."

वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाई न बोलावता आल्या. जोडाकडे त्यांनी दुरूनच, नाकाला पदर लावून पाहिलं. वायर जळाल्यावर वास येतो असं त्यांनी ऐकलं होतं आणि तो आलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. "उत्तरेला मेन आणि त्यात जोड. माणूस घरात टिकत नाही, घोंगडेभाऊ," त्या म्हणाल्या. घोंगड्यांना सांगावंसं वाटलं की माणूस जोडाच्या चौदा महिने आधी गेलंय. पण त्या बसल्या होत्या, बोलत होत्या, म्हणून त्यांनी चहा टाकला. चहा संपल्यावर त्या लगेच उठल्या.

वीज खात्याचा वायरमन तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मीटरसाठी सोसायटीत आला होता. घोंगड्यांनी त्याला जिन्यात गाठलं.

"मीटरपर्यंत आमचं, मीटरनंतर तुमचं," तो म्हणाला.

"दोन मिनिटं नुसतं बघा. 'झाक' म्हणा, बास."

"आणि उद्या काही झालं तर? मी झाक म्हणालो म्हणून माझ्यावर?" त्याने घोंगड्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "काका, घरी कोणी असतं का तुमच्या?"

प्रश्न साधा होता, पण घोंगड्यांना तो लागला. ते वर आले आणि पॅसेजमध्ये स्टुलावर बसले. घर दिवसाउजेडीही फार शांत होतं. पंख्याचा आवाज नाही, फ्रिजची घरघर नाही. चौदा महिने ह्या दोघांनाच ते घरातली माणसं समजत होते हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. फ्रीजरमध्ये वेणूबाईंनी जाताना करून ठेवलेल्या पुरणाचा डबा होता. तो संपू नये म्हणून त्यांनी इतके दिवस उघडलाच नव्हता. आता तो वितळून पाझरत होता. त्यांनी चमचा घेतला आणि उभ्या उभ्या खाल्लं. चव गेलेली होती, तरी सगळं खाल्लं.

संध्याकाळी चारला वेणूबाईंचा फोन आला.

"अहो, लावा ती टेप आणि मोकळे व्हा. मी बघते इथून. दाखवा कॅमेऱ्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग कादरभावजींना का नाही बोलावत?"

"त्याने केलाय का फोन चार वर्षांत?"

"तुम्ही केलात?" वेणूबाई म्हणाल्या, आणि मागे नात रडायला लागली म्हणून फोन ठेवला.

आता खरं सांगायचं तर प्रश्न विजेचा राहिलाच नव्हता. घोंगड्यांना हवं होतं ते इतकंच, की कोणीतरी ह्या घरात यावं, भिंतीपाशी दहा मिनिटं उभं राहावं आणि त्यांनी केलेल्या कामाकडे समजून बघावं. एवढ्यासाठी चार वर्षांची अब्रू खर्ची घालायची का, ह्याचा त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी दात घासायच्या आधी फोन लावला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"बोल," कादर म्हणाला. जणू काल संध्याकाळीच गेटवर निरोप घेतला होता.

"एक जोड आहे."

"कशाचा?"

"घरच्या मेनचा."

"झाकलास?"

"नाही."

"येतो," कादर म्हणाला.

दोन बस बदलून तो साडेनऊला दारात हजर झाला. दाढी पांढरी झाली होती आणि शर्ट दोन माप मोठा दिसत होता. हातात तीच जुनी डब्याची पिशवी. त्यात डबा नव्हता, एक बॅटरी आणि भिंग होतं. कसा आहेस, बरा आहेस ना, असलं काही झालं नाही. घोंगड्यांनी पाणी दिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "नूरबानूभाभींना पण आणायचं होतंस."

कादरने पेला खाली ठेवला. "ती गेली. मागच्या जूनमध्ये."

ज्या बाईच्या हातचा खिमा-पाव त्यांनी घरी कळू न देता बावीस वर्षं खाल्ला, ती जाऊन वर्ष उलटलं होतं आणि ते इथे बसून पहिला फोन कोणाचा ह्याचा हिशोब करत होते.

"कळवायचं नाहीस का रे?"

"दोनदा फोन हातात घेतला होता."

"मग?"

"मग ठेवला," कादर म्हणाला. "आता शहाबाज सातला कंपनीत जातो, सूनबाई आठला. घर मोठं वाटतं रे. आधी तेच घर पुरत नव्हतं." आणि उठून बॅटरी पेटवत म्हणाला, "कुठाय जोड?"

त्याने जोड पाहिला. तो असा पाहिला, की सोसायटीतल्या कोणी चार दिवसांत कशाकडेच तसं पाहिलं नव्हतं. खालून पाहिला, वरून पाहिला, भिंग लावून पाहिला, अंगठ्याच्या नखाने एकेक तार चाचपली. घोंगडे शाळेतल्या पोरासारखे बाजूला उभे होते. पंधरा मिनिटांनी कादरने बॅटरी विझवली.

"एक तार बसलेली नाही."

घोंगड्यांना वाटलं कानात काहीतरी बिघाड झाला. "कुठली?"

"खालच्या अंगाची."

घोंगड्यांनी भिंग हिसकावून घेतलं. खालच्या अंगाची प्रत्येक तार बसली होती. बसली होती म्हणजे काय, डागात बुडून झोपली होती. एकतीस वर्षांत एक नापास नाही, आणि आता निवृत्तीनंतर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीवर! त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बोलायला म्हणून ते वळले. कादर त्यांच्याकडे बघत नव्हता. भिंगाचा रुमाल घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता.

तेव्हा घोंगड्यांना कळलं. जोड पास झाला तर तो झाकला जाणार, दिवा लागणार, आणि दोन बस बदलून कादर त्या मोठ्या वाटणाऱ्या घरात परत जाणार. साडेदहा वाजले होते. सूनबाई यायला अजून आठ तास होते.

आयुष्यात पहिल्यांदा नापास होताना घोंगडे म्हणाले, "बरोबर आहे. मला शंका होतीच."

"मग आज नाही व्हायचं ते," कादर म्हणाला.

"छे, आज कसं होईल? उद्या ये. सकाळीच ये. पिठलं-भाकरी टाकतो."

दुसऱ्या दिवशी जोड नव्याने झाला. टोकं पुन्हा छाटली, तारा पुन्हा गुंफल्या. बोलण्याच्या नादात कादरच्या तोंडून चुकून 'झाक' निघून गेलं आणि दोघांचेही चेहरे पडले. पण देव आहे. कादरने घोंगड्यांची टेप ओढून पाहिली आणि म्हणाला, "ही टेप आहे? ही तर पुस्तकांना लावायची चिकटपट्टी." मग तिसरा दिवस टेपच्या शोधात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेला. अकरा दुकानं झाली. दोघं टेप ताणून बघत, वास घेत, उजेडात धरत. अकराव्या दुकानदाराने शांतपणे विचारलं, "आजोबा, टेप घ्यायचीय की सून करून घ्यायचीय?" दोघं रस्त्यात उभे राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग टेप बाराव्या दुकानातून घेतली.

चौथ्या दिवशी टेप चढली. ती कशी चढवायची ह्याचंही शास्त्र आहे. जुन्या आवरणावर दोन बोटं आधी सुरू करायची, ताणत न्यायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा चढला पाहिजे, म्हणजे कुठेही तांब्यावर दुहेरी पांघरूण होतं. घोंगड्यांनी नऊवारी नेसवावी इतक्या निगुतीने ती चढवली. कादरने बॅटरी मारली. "तिसऱ्या वेढ्याला अर्धा नाही, पाऊण चढलाय," तो म्हणाला. जास्त चढला तर बिघडलं कुठे, हे घोंगड्यांनी विचारलं नाही. टेप निघाली ती डागाचा पोपडा घेऊनच निघाली. टोकं पुन्हा छाटली.

मधून मधून मालपाणी दाराशी येऊन उभे राहत. "घोंगडेसाहेब, एका वायरीला किती दिवस? लोक विचारतायत."

"घाईचं काम नाही हे," कादर आतून म्हणे.

"हे कोण?"

"तपासनीस," घोंगडे म्हणत, आणि त्यांची मान ताठ होई. खरं म्हणजे त्यांना कोणाला तरी हे सांगायचंच होतं.

वेणूबाईंचा चारचा फोन आला तेव्हा घोंगडे भाकरी थापत होते आणि कादर त्यांना शहाबाजच्या लग्नातली मारामारी सांगत होता. "लाइट आली का?" वेणूबाईंनी विचारलं. "होतंय," घोंगडे म्हणाले. पलीकडे वेणूबाई जरा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "होऊ द्या सावकाश," आणि त्या दिवशी फोन त्यांनीच लवकर ठेवला.

पण वायर म्हणजे काही आकाशगंगा नव्हे. प्रत्येक नापासाला दोन्ही बाजूंनी बोटभर छाटणं चालू होतं. पाचव्या दिवशी सकाळी घोंगड्यांनी दोन टोकं समोरासमोर आणली आणि ती एकमेकींना पोचेनात. मध्ये चार बोटांची फट राहिली. दोघं स्टुलावर आणि खुर्चीवर बसून त्या फटीकडे बघत राहिले. वायर संपली होती. आता नवी वायर टाकायची, म्हणजे तासाभराचं काम, आणि जोडच नसेल तर तपासायचं काय? कादरने पिशवीत बॅटरी ठेवली, मग भिंग ठेवलं. उद्या सकाळी हे घर कसं असेल, ते त्यांना स्पष्ट दिसलं.

"मी काय म्हणतो," कादर पिशवीशी चाळा करत म्हणाला, "मध्ये तुकडा टाकला तर?"

घोंगड्यांनी मान वर केली. तुकडा टाकायचा म्हणजे त्याला दोन टोकं. दोन टोकं म्हणजे एक नाही, दोन जोड. दोन उघडे दाखवायचे, दोन झाकलेले दाखवायचे.

"दोन जोड एका माणसाने करणं बरं नाही," घोंगडे सावधपणे म्हणाले. "नियमात बसत नाही."

असा कुठलाही नियम नव्हता.

"बरोबर," कादर म्हणाला. "एक तू कर, एक मी करतो."

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कादरने पक्कड हातात घेतली. पहिली तार सुटली, दुसरी सुटली, मग हाताला ओळख पटली आणि तारा आपापल्या जागी जाऊन बसायला लागल्या. मागच्या जूननंतर त्याने आपल्या हाताने काही केलं असेल असं घोंगड्यांना वाटेना. तासाभराने तो घाम पुसत मागे सरला आणि काही न बोलता बॅटरी आणि भिंग घोंगड्यांच्या हातात दिलं.

घोंगड्यांनी चष्मा पुसला आणि गुडघ्यावर बसले. खालून पाहिलं, वरून पाहिलं. एकेक तार नखाने चाचपली. असा जोड त्यांनी स्वतःही फार थोड्या वेळा केला होता. कुठे फट नाही, कुठे टोक नाही, डाग सगळीकडे सारखा. मागे कादर श्वास धरून उभा होता. घोंगडे मुद्दाम आणखी थोडा वेळ बघत राहिले, मग गुडघे धरून सावकाश उठले आणि बॅटरी विझवली.

"एक तार बसलेली नाही रे," ते म्हणाले.

कादरने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि खाकरून, अगदी तपासनिसासमोर बोलावं तसं, विचारलं, "कुठली?"

"ते उद्या दाखवतो," घोंगडे म्हणाले.